उचकी लागणारी गाडी

मी एक जुनी गाडी आहे, हे खरं तर वेगळं सांगायला नको. माझं मागचं दार कुणी लावलं की त्या आवाजावरून गल्लीतल्या कुत्र्यांनाही माझं वय कळतं. माझा रंग एके काळी पांढरा होता. आता त्याला कोणता म्हणावं यावर घरात एकमत नाही. अंगणाच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली मी उभी असते. टपावर मांजर झोपतं आणि बॉनेटवर कुणीतरी धुतलेल्या बरण्या वाळत घालतं. अपमान गिळायची आता सवय झाली आहे.

मित्रांनो, म्हाताऱ्यांना बोलायला फार आवडतं आणि ऐकणारं कुणी मिळत नाही. तुम्ही आयते सापडला आहात, तर बसा. मात्र मी किती धावले आणि कुणाला मागे टाकलं, असल्या बढाया मारणार नाही. मी माझ्या एका दुखण्याबद्दल सांगणार आहे. त्या दुखण्याला माझ्या माणसांनी लाडाचं नाव ठेवलं. त्या नावाने आम्हाला कुठे नेऊन उभं केलं, ते आठवलं की आजही माझं उरलंसुरलं पेट्रोल टाकीत गार पडतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं आणि कुणी कुणाशी फारसं बोलत नसे. एकाने माझ्या पोटात इंजिन ठेवलं. दुसऱ्याने त्या इंजिनाखाली जाड रबराच्या गाद्या बसवल्या, कारण जोर लावताना इंजिन कलतं आणि त्याला धरून ठेवणारं कुणीतरी लागतं. तिसऱ्याने एक काळी, वळ्या पडलेली रबरी नळी जोडली. त्या नळीतून इंजिन श्वास घेतं. नळीच्या तोंडाशी हवा मोजणारा एक छोटासा भाग असतो. जेवढी हवा मोजली जाते, तेवढ्याच हिशेबाने पेट्रोल सुटतं. मोजणीनंतर कुठून चोरटी हवा आत शिरली, तर हिशेब चुकतो आणि इंजिनाचा जीव जातो. ती गादी आणि ती नळी तेवढी लक्षात ठेवा. पुढे माझ्या घरी ती कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

मला घरी आणलं ते आजोबांनी. जमिनी मोजणं हा त्यांचा धंदा, आणि स्वभावही तसाच मोजूनमापून. माझ्या डिकीत त्यांची दुर्बीण, तिपाई आणि लाल-पांढऱ्या काठ्या असत. रविवारी ते बॉनेट उघडत आणि प्रत्येक नळीवरून बोट फिरवत. बोट काळं झालं की इकडेतिकडे बघून हळूच पुसून टाकत. घरातून आजीचा आवाज येई, "पँटला पुसलंत ना?" तिला न बघता कसं कळायचं कोण जाणे. पण त्या काळात माझ्या अंगात एकही भेग त्यांच्या बोटाला चुकवून राहू शकत नव्हती.

आमच्या गल्लीच्या एका टोकाला गॅरेज आहे आणि दुसऱ्या टोकाला रेल्वेचा रूळ. शाळा, दवाखाना, बाजार, मोठा रस्ता, सगळं रुळाच्या पलीकडे. खाणीतला दगड वाहणाऱ्या मालगाड्या त्या रुळावरून येतात. पूर्वी तिथे फाटक होतं आणि फाटक लावणारा माणूस होता. आता एक घंटा आहे आणि एक लाल दिवा. डाव्या हाताला रूळ एका गोदामाच्या भिंतीआड वळतो. त्यामुळे गाडी दिसते तेव्हा ती जवळ आलेलीच असते.

आजोबांचा नियम होता, "थांबा, बघा, मग चला." घंटा वाजो न वाजो, ते रुळाच्या अलीकडे मला पूर्ण उभी करत. काच खाली करून कान देत आणि मगच पहिला गिअर टाकत. सुनेला त्यांनीच गाडी शिकवली आणि हा नियमही तिच्या हाडीमाशी खिळवला. नियम चांगलाच होता. पण त्यात एक गोष्ट होती, जी तेव्हा कुणालाच खटकायचं कारण नव्हतं. दुसरीकडे कुठे नाही तरी त्या रुळाच्या तोंडाशी मी रोज उभी राहणार होते आणि तिथेच, शांत चालणाऱ्या इंजिनाला एकदम जोर लावावा लागणार होता.

एका हिवाळ्यात आजोबा गेले. मी कितीतरी दिवस छपराखाली तशीच उभी होते. कुणाला चावी हातात घ्यावीशी वाटत नव्हती. उभं राहून राहून रबर सुकतं, मित्रांनो. माझी गादी आतून फाटायला लागली आणि नळीच्या खालच्या वळीत, जिथे वरून बघणाऱ्याची नजर जात नाही, तिथे केसाएवढी चीर पडली.

मग एके दिवशी सगळे बाहेर पडायचे ठरले. सूनबाई चालवायला बसली. शेजारी तिचा नवरा. तो दातांच्या कवळ्या बनवतो, म्हणून सारी गल्ली त्याला कवळीवाले म्हणते. मागे आजी आणि तिच्या मांडीला खेटून नात, पिटू. इंजिन झकास सुरू झालं. सूनबाईने गिअर टाकला, पाय दाबला, आणि अंगणाच्या दारातच मी एक आचका देऊन बंद पडले. गाडीत कुणी बोलेना. आजोबांच्या हातून मी कधी अशी अडले नव्हते, हे सगळ्यांच्याच मनात आलं असणार.

कवळीवाल्यांना शांतता सोसत नाही. ते म्हणाले, "गाडीला उचकी लागली."

"लागणारच," मागून आजी म्हणाली. "हे आठवण काढत असतील." आणि खिडकीकडे तोंड करून, जणू कुणी पलीकडे उभं आहे अशा आवाजात ती पुढे म्हणाली, "आहोत हो. ठीक आहे सगळं."

सगळे हसले. सूनबाईने हसता हसता डोळे पुसले. तेव्हाच माझ्या दुखण्याचं बारसं झालं, आणि नाव ठेवलं उचकी.

सुरुवातीला महिन्यातून एखादी उचकी लागे. मग आठवड्यातून. आजी तिची वाट बघायला लागली. मी निघायच्या बेतात असले की तिचे हात गुडघ्यांवर स्थिर होत. मी बंद पडले की तिचा चेहरा उजळे आणि ती घाईघाईने एखादी बातमी सांगून टाकी. "पिटूचा पुढचा दात पडला हो." "मागच्या भिंतीला ओल आली होती, ती काढून घेतली." सूनबाईने पुन्हा चावी फिरवेपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढाच. नवऱ्याशी बोलायला एवढी छोटी जागा उरलेल्या बाईला कोण काय म्हणणार? कवळीवाले तर मुद्दाम म्हणत, "आज बाबांनी दोनदा फोन केला."

मला मात्र आत वेगळंच कळत होतं. दरवेळी पाय दाबला की इंजिन मागे कले. फाटक्या गादीला त्याला धरवत नसे. ते कललं की नळी ताणली जाई आणि खालची चीर तोंड उघडी. त्यातून हवा आत शिरे, न मोजलेली, उपरी हवा. एक सुस्कारा येई आणि माझा श्वास कोंडे. मी थांबले की इंजिन जागेवर येई आणि चीर मिटून साळसूद होऊन बसे. बॉनेट उघडणाऱ्याला दिसायचं काय? तर सगळं जिथल्या तिथे. दरवेळी ती चीर थोडी लांब होत होती. मी आतून ओरडत होते आणि माझी माणसं माझं कौतुक करत होती.

सूनबाईला तेवढं कौतुक नव्हतं. एकदा मोठ्या रस्त्यावर वळताना मी अशीच आडवी बंद पडले. एक ट्रक हॉर्न दाबत आमच्या नाकासमोरून गेला. त्याच्या चाकाखालचा खडा माझ्या काचेवर आपटला. आजीने सवयीने तोंड उघडलं होतं, पण सूनबाईची मान बघून तिने ते मिटलं. आम्ही घरी आलो. सूनबाईने मला नेहमीसारखं मागे मागे घेत अंगणात लावलं, चावी काढली आणि तिथेच थोडा वेळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी कवळीवाले मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. आमचे मिस्त्री कामात चोख. फक्त त्यांचा एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर असतो, आणि ते तिसरा शोधत असतात.

"काय होतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"उचकी लागते," कवळीवाले म्हणाले.

"चालता चालता?"

"उचकीच ती. तिला काय वेळकाळ असतो?"

मिस्त्री हसले. गॅरेजच्या भाषेत चालती गाडी मधेच गचके खाते, त्याला मिसिंग म्हणतात. मिस्त्रींनी उचकी म्हणजे तेच धरलं. त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांनी माझे प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर साफ केला, वायरी तपासल्या. मग न्यूट्रलमध्ये उभी ठेवून भरपूर रेस दिली. जागेवर उभं राहून दंड थोपटायला काय जातं? ओझं ओढायचं नसलं की इंजिनाला कलायचं कारणच नसतं. मी खणखणीत आवाज काढला. "गाडी ठणठणीत आहे," मिस्त्री म्हणाले. आगीच्या बंबाने भलत्याच घरावर पाणी मारावं आणि शाबासकी घेऊन परत जावं, तसं ते झालं.

दोन दिवसांनी मी पुन्हा बंद पडले, यावेळी रुळाच्या अगदी अलीकडे. पुढची चाकं रुळापासून हातभर लांब होती. रूळ रिकामा होता, घंटा गप्प होती. तरी मला त्या लोखंडाचा गारवा टायरांना लागल्यासारखा वाटला.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. ती माझ्या छपराकडेच उघडते, त्यामुळे घरातली भांडणं मला पहिल्या रांगेत बसून ऐकायला मिळतात.

"तू मिस्त्रींना नक्की काय सांगितलंस?" सूनबाईने विचारलं.

"सांगितलं की, उचकी लागते."

"उचकी? अरे, तुझ्याकडे कुणी येऊन कवळी बोचते म्हणालं की तू त्याची किती उलटतपासणी घेतोस. कुठे बोचते, चावताना की बोलताना, डावीकडे की उजवीकडे. आणि गाडीचं दुखणं सांगताना उचकी?"

"आईसमोर दुसरं काय म्हणू? तिचं तेवढंच उरलंय गं."

सूनबाई हळू आवाजात म्हणाली, "मला रुळाची भीती वाटते."

आजी पलीकडच्या खोलीत होती. तिने ऐकलं असावं, कारण तिच्या काठीचा आवाज दारापर्यंत आला. "चांगली आहे ती गाडी," ती म्हणाली. "थांबते आणि परत चालू होते. तिला कशाला सारखं उघडायचं?" मग कुणाचंच काही चाललं नाही. सूनबाई एवढंच म्हणाली की आठवडा संपला की गाडी दुसरीकडे दाखवायची. मित्रांनो, आठवडा संपायच्या आतच तो दिवस उजाडला.

दर आठवड्याला आजीला गुडघ्यांच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे. त्या दिवशी पिटूच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून तीही निघाली. कवळीवाले घरी साच्यांत मेण ओतत बसले होते. आजी उजव्या दाराशी बसली. हे माझं मागचं दार तेव्हा अडायचं आणि बाहेरून खांद्याने दाबून धरल्याशिवाय त्याची कडी सुटत नसे. पिटूच्या बाजूच्या दाराला, ती मधेच उघडेल म्हणून, आतून न उघडणारी कडी लावलेली होती. निघताना असल्या गोष्टी कोण मनात आणतं?

दुपार होती. गोदामासमोर एक सायकलवाला पाण्याच्या बाटल्या लादून उभा होता. सूनबाईने रुळाच्या अलीकडे मला पूर्ण उभी केली. काच खाली केली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कान दिला. घंटा गप्प होती. आजोबांनी शिकवलेलं सगळं तिने जसंच्या तसं केलं आणि पहिला गिअर टाकला.

पुढची चाकं रुळावरून उतरून मधल्या खाचेत आदळली. त्या दणक्याने माझी फाटकी गादी शेवटची तुटली. इंजिन मोकळं होऊन मागे कललं. नळीच्या चिरेने आ वासला. मी बंद पडले.

"ठीक आहे सगळं," आजी खिडकीकडे बघून म्हणाली. तिला अजून कळलं नव्हतं की आपण कुठे आहोत.

सूनबाईने चावी फिरवली. मी लगेच चालू झाले. तिने पाय दाबला. मी बंद पडले, आणि बंद पडता पडता आणखी दोन हात पुढे सरकले. आता माझं नाक, पुढची चाकं आणि सूनबाईची सीट रुळांवर होती. तेव्हा घंटा वाजायला लागली.

लाल दिवा पेटला. गोदामाच्या भिंतीमुळे अजून काही दिसत नव्हतं. मला मात्र टायरांतून कळत होतं. रूळ बारीक थरथरत होते आणि ती थरथर वाढत होती.

"आई, पिटूला घेऊन उतरा," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. आजीने दाराला हात घातला. दार अडलं. तिने खांदा लावला, पण आतून लावून काय उपयोग? पिटूने तिच्या बाजूची कडी ओढली. ती उघडायची नव्हतीच. उतरून बाहेरून दारं उघडायला आता वेळ नव्हता. सूनबाईने पुन्हा चावी फिरवली, पुन्हा पाय दाबला. पुन्हा तो सुस्कारा आणि पुन्हा शांतता. मला माझीच इतकी चीड कधी आली नव्हती. मला पुढे जायचं होतं. माझ्या पोटात तीन बायका होत्या, एक पिकलेली, एक उमेदीतली आणि एक दुधाचे दात पडणारी, आणि मला श्वास घेता येत नव्हता.

भिंतीपलीकडे भोंगा वाजला.

सूनबाईचा हात पुन्हा चावीकडे गेला. आजीने पुढे वाकून तिचा खांदा धरला. "पुढे नको," ती म्हणाली. "मागे घे. मागे जाताना ती कधी बंद पडत नाही."

बंद पडत नाही. इतक्या महिन्यांत आजीच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. उचकी लागत नाही, असं ती म्हणाली नाही.

सूनबाईने का, कसं, काही विचारलं नाही. चावी, मागचा गिअर, पाय. मागे जाताना इंजिनाचा जोर उलट्या बाजूला पडतो, मित्रांनो. ते मागे कलण्याऐवजी पुढे कललं. नळी दाबली गेली. चीर मिटली. माझ्या छातीत श्वास भरला आणि मी मागे उडी मारली. चाकं खाचेतून वर आली. सायकलवाला बाटल्यांसकट बाजूला झाला. मी गोदामाच्या सावलीत पोचले आणि समोरून मालगाडी गेली. डबा, डबा, डबा, दगड भरलेले. तिच्या वाऱ्याने माझ्या बॉनेटवरची धूळ उडून गेली. माझी पुढची नंबरपाटी बराच वेळ खडखडत राहिली.

शेवटचा डबा गेला. घंटा थांबली. पिटूने तिच्या आजीचा पदर तोंडात धरला होता.

सूनबाईने मला वळवलं नाही. वळवायला पुढे जावं लागलं असतं. ती तशीच मागे मागे, पूर्ण गल्लीभर, मला गॅरेजपर्यंत उलटी घेऊन गेली. ओट्यांवरची माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "सूनबाई, सरळ यायला विसरलात की काय?" हसणाऱ्यांचा दोष नाही. त्यांनी फक्त उलटी चालणारी गाडी बघितली.

मिस्त्री हात पुसत बाहेर आले. "उलटी का आणलीत?"

सूनबाई बोलणार होती, पण आजीने काच खाली केली. "मी सांगते," ती म्हणाली. "उभी असताना इंजिन नीट चालतं. पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की बंद पडते. रिव्हर्समध्ये पडत नाही. एकदाही नाही. रोज अंगणात मागे घेताना मी वाट बघते, म्हणून मला ठाऊक आहे."

मिस्त्रींचे हात पुसायचे थांबले. "हे आधी का नाही सांगितलंत? मला उचकी म्हणालात."

"उचकीच म्हणायचो आम्ही."

मिस्त्रींनी मग दोन्ही चष्मे एकदम लावले की काय कोण जाणे. त्यांनी बॉनेट उघडलं. सूनबाईला ब्रेक गच्च दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच थोडासा सोडायला सांगितलं आणि स्वतः खाली वाकून दिवा धरला. इंजिन उठलं, मागे कललं, आणि खालच्या वळीतली चीर त्यांच्या डोळ्यांदेखत उघडली. सुस्कारा आला. मी बंद पडले. मिस्त्रींनी नुसतं बोट दाखवलं. सूनबाईने उतरून ते बघितलं. चीर तोपर्यंत चार बोटं लांब झाली होती. आजीलाही बघायचं होतं. तिला बाहेरून दार उघडून उतरवलं. काठी टेकत ती आली, वाकली आणि त्या फाटक्या रबराकडे बघत राहिली.

"हे?" ती म्हणाली.

"हे," मिस्त्री म्हणाले. "आणि खालची गादी. ती तुटली म्हणून नळी फाटली."

आजी तशीच वाकून उभी होती. मग तिने नळीवरून एक बोट फिरवलं. बोट काळं झालं. ती सूनबाईला म्हणाली, "मला तेव्हाच कळायला हवं होतं गं. ती उचकी यांची असती, तर यांनी आपल्याला रुळावर थांबवलं नसतं."

सूनबाईने तिला धरलं. पिटूने आजीचं काळं बोट आपल्या फ्रॉकला पुसलं, आणि कुणी तिला रागावलं नाही.

नवी नळी आली, नवी गादी आली. अडणारं दारही दुरुस्त झालं आणि पिटूची कडी निघाली. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा दवाखान्याला निघालो. कवळीवाले या वेळी सुट्टी काढून शेजारी बसले होते आणि वाटेत एकही विनोद करत नव्हते. रुळाच्या अलीकडे सूनबाईने मला उभं केलं. थांबली, बघितलं, कान दिला. मागे आजीचे हात गुडघ्यांवर स्थिर झाले. सवय अशी एका दिवसात जात नाही. गिअर पडला, पाय दाबला गेला आणि मी सरळ, गुळगुळीत, एका श्वासात रूळ ओलांडून पलीकडे गेले.

आरशात मला आजी दिसली. तिने बोलायला ओठ उघडले होते. बोलायला जागाच उरली नव्हती. तिने ते हळूच मिटले. खरं सांगते मित्रांनो, मी बरी झाले होते आणि तरीही त्या क्षणी, एकदाच, मला बंद पडावंसं वाटलं. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आजी गेल्या वर्षी गेली. मी फार कुठे जात नाही. पण हल्ली पिटू माझ्यावर गाडी शिकते. ती आता सूनबाईपेक्षा उंच झाली आहे आणि तिला पिटू म्हटलेलं चालत नाही. पहिल्या दिवशी सूनबाई शेजारी बसली आणि चावी देण्याआधी म्हणाली, "गाडीने काही वेगळं केलं, तर काय झालं ते जसंच्या तसं सांगायचं. पुढे जाताना की मागे, थंड असताना की तापल्यावर. लाडाचं नाव द्यायचं नाही."

मीही तुमच्याकडे एवढंच मागते. तुमच्या घरी एखादं यंत्र असेल, जनावर असेल, म्हातारं माणूस असेल. त्याला काही होत असेल आणि त्याला बोलता येत नसेल, तर त्याच्या दुखण्याला गोड नाव देऊन गप्प बसू नका. ते केव्हा होतं, कशाने होतं आणि कशाने होत नाही, ते बघा. आजीने वाट बघितली, म्हणून तिला कळलं. तुम्ही वाट न बघताही बघा.

त्या दिवशी पिटूने इंजिन सुरू केलं आणि गिअर टाकला. अंगणाच्या दारातच मी आचका देऊन बंद पडले. सूनबाईचा हात हॅंडब्रेककडे गेला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"क्लच लवकर सोडला," पिटू म्हणाली. "गाडी बंद पडली. माझ्यामुळे."

सूनबाईने मान हलवली आणि हॅंडब्रेकवरचा हात काढला. पिटूने चावीला हात घातला, पण फिरवली नाही. तिने आधी खिडकीकडे तोंड केलं आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाली, "आहोत गं आजी. ठीक आहे सगळं."

मग तिने चावी फिरवली.